आत्याने लपवलेली तार

प्रभूच्या प्रार्थनेत, जशी आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की माझी आई गप्प व्हायची. अख्खं चर्च म्हणायचं, आई नाही! मी तिला चिकटून उभी असायचे ना, मला कळायचं. पुढच्या ओळीला परत आवाज सुरू.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे पुढे जायचे, तेव्हाही ती बाकावरच. मनात कुणाचा राग असेल तर भाकरीला हात लावायचा नाही, हे आमच्यात पक्कं. आणि राग कुणावर, ते आमच्या सगळ्या शरणपूर वस्तीला माहीत होतं. माझ्या आत्यावर. तीही मागच्या बाकावर तशीच बसून राहायची.

थांबा, आधी तारेचं सांगते. आणीबाणी नुकतीच उठली होती, मी सात वर्षांची. आत्याच्या मुलीचं लग्न, आम्ही सकाळपासून तिच्याकडेच. आई तोंडात टाचण्या धरून नवरीच्या डोक्याला व्हेल, ती पांढरी जाळीची ओढणी, लावत होती. आमच्या घराला कुलूप बघून तारवाला तिकडे आला. इगतपुरीची आजी, आईची आई, गेली होती. आत्याने तार वाचली आणि सरळ तांदळाच्या डब्यात खुपसली. म्हणे, जेवणं उरकू देत, मग सांगू! सांगितलं ते संध्याकाळी.

इगतपुरी किती लांब? पण तिथे पाऊस धो धो, खणलेल्या कबरीत पाणी भरत होतं, थांबणार कोण? आई पोचली तेव्हा माती टाकून झाली होती.

आई रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आठ वर्षांनी चर्चमध्ये माझा दृढीकरणाचा विधी झाला, म्हणजे आता मलाही भाकरी घेता येणार होती. दुसऱ्या दिवशी माझं पहिलं प्रभुभोजन.

"आई, तू येशील ना माझ्याबरोबर?"

"बाबा आहेत की."

"मग मी पण नाही घेत, जा!"

आई लसूण सोलत राहिली. तेवढ्यात दारात आत्या! हातात तीच तार, घड्यांवर विरलेली.

"वहिनी, मुलीचं लग्न अडेल म्हणून भ्याले गं. चुकलंच माझं. मला नको करू माफ, पण पोरीबरोबर उद्या जा."

"माफ न करता जा? ताई, चर्चमध्ये उपदेशाला झोपा काढता काय?"

मला हसू फुटलं, आत्याला रडू. आईने तार वाचली. कितीतरी वेळ वाचली. मग चहा ठेवला.

"बसा. दुखतं अजून, खोटं कशाला बोलू? पण आजपासून तुमच्यावर राग धरत नाही. सोडला."

आणि कप देता देता एकदम "आई गं!" करून खालीच बसली. आठ वर्षांचं रडू! आत्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

रविवारी ती ओळ आली. आईचा आवाज फाटला, पण थांबला नाही. प्रभुभोजनाला पुढे गेल्यावर ती हलकेच सरकली आणि आत्याला शेजारी जागा दिली.

मला वाटायचं, माफ केलं की रडणं संपतं. आईचं तर तेव्हा सुरू झालं. कितीतरी दिवस पोळ्या लाटताना रडायची आणि आजीचं सांगायची. आजी बटाट्याच्या भाजीत चिंच घालायची, हे मला तेव्हा कळलं. तोवर आमच्या घरात आजीचं नावच कुणी काढत नव्हतं.