महाडच्या पडद्यावरची हद्द

रिझवाना आमच्या शेजारच्या महरुन्निसाची मुलगी, मोहल्ल्यातली पहिली कॉम्प्युटर इंजिनिअर. माझ्या पतीच्या मागे आमचा ट्रकचा धंदा माझा भाचा जुनैद बघे. २००८ साली त्याने तिला कामावर घेतलं.

प्रत्येक गाडीतलं यंत्र आपली जागा सतत कळवी. ते संदेश पोलादपूरच्या कॉम्प्युटरवर जमत, तिथून महाडला आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे येत आणि तो एकेक वाचून पडद्यावर दाखवी. पोलादपूरचा धाडायला चपळ, महाडचा वाचायला मंद. म्हणून रिझवानाने महाडच्या मेमरीत रांगेला हद्द घातली होती. रांग भरली की पोलादपूरला 'थांब' असा निरोप जाई आणि पुढचे संदेश तिथेच लिहून ठेवले जात.

तो शब्द मला पडद्यावर दिसला.

"आपल्या दारातून कुणाला थांब म्हणत नाहीत, बेटा. लग्नाच्या वलीम्याच्या जेवणाला माणसं मोजून दार लावतात का?"

"खाला, हे पाहुणे नाहीत. सगळे आत घेतले तर बसवू कुठे?"

"आपलं माणूस बाहेर ताटकळायला नको. काढ ती हद्द."

"जुनैदभाईंना विचारू?"

"त्याला कशाला? गाड्या माझ्या नावावर आहेत."

तिने हद्द काढली.

जुलैत आंबेनळी घाटात दरड कोसळली. रेंज नसल्यामुळे गाड्यांच्या यंत्रांत साठलेले संदेश रेंज येताच एकदम सुटले. महाडच्या कॉम्प्युटरने सगळे आत घेतले. वाचणं मागे पडत गेलं. पडदा दोन तासांपूर्वीची जागा दाखवत होता आणि ते मला ठाऊक नव्हतं. कुडपणहून ठकूबाईचा फोन आला, "आमचे हे कुठं हायेत?" तिचा नवरा भैरू आमचा ड्रायव्हर. मी पडद्यावर बघून सांगितलं, "पोलादपूरला. सुखरूप."

थोड्या वेळात मेमरी भरून कॉम्प्युटर बंद पडला आणि न वाचलेलं सगळं पुसलं गेलं. त्यातच भैरूचा मदतीचा निरोप होता. दोन दरडींच्या मध्ये, पाय मोडलेल्या अवस्थेत, तो सात तास गाडीत पडून होता.

"हद्द कुणी काढली?" जुनैदने विचारलं.

रिझवानाने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते.

"मी," ती म्हणाली.

तिची नोकरी गेली. माझ्या डायरीत त्या तारखेला एवढंच आहे: 'दरड. यंत्र बंद.' चाळीस वर्षं लिहिते आहे, पण इतकी खोटी नोंद दुसरी नाही.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने तिला घेण्याआधी चौकशीसाठी जुनैदला फोन केला. "मशीन तिनेच बंद पाडलं," तो म्हणाला. मी समोरच बसले होते.

जुनैदला खरं सांगायला मला आठ दिवस लागले. त्याने लगेच पुण्याला फोन लावला. जागा भरली होती.

मग मी महरुन्निसाच्या घरी गेले. रिझवानाने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मलाही तुम्हाला नाही म्हणता आलं असतं, खाला," ती म्हणाली. "म्हटलं नाही."

अर्धी चूक तिने आपल्याकडे ओढून घेतली. ती तिची नव्हती, हे मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी चहा घेतला आणि घरी आले.