मामांचा डोळा आणि इंग्रजी गेंडा

माझ्या सासऱ्यांचा उजवा डोळा एका गेंड्यानं वाचवला. तो गेंडा मुळात घोडा होता, हे मला सेहेचाळिसाव्या पानावर कळलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

आधी सासऱ्यांबद्दल सांगतो. माणिकराव त्यांचं नाव. मी त्यांना मामा म्हणतो. अहमदपूरला जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. खूर साफ करायचे, जखमेवर पट्टी बांधायची, अंगावर येणाऱ्या गोऱ्ह्याला दोन शब्दांत गप्प करायचं. माणसांशीही ते त्याच खात्यातले समजून बोलतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा तापानं आजारी पडलो, तेव्हा त्यांनी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर विचारलं होतं, "रवंथ करून राहिले का?" (म्हणजे जावईबापूंना जेवण जातंय का!)

तर या मामांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऐन मे महिन्यात नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण आवाज हेडमास्तरांचा.

"आजोबा, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला जागेवर दाबून धरणार. त्यासाठी तोंड खाली पाहिजे. दहा दिवस पालथं झोपायचं. जेवतानासुद्धा खाली बघायचं. मान वर गेली की बुडबुडा हलणार, पडदा सुटणार, आणि डोळा हातचा जाणार."

"दहा दिवस पालथं?" मामा म्हणाले. "मी काय चार महिन्यांचं लेकरू हाव का?"

मामांना आम्ही आमच्याच घरी ठेवून घेतलं. सुलभा बँकेत जाते, मी शाळेत गणित शिकवतो आणि मला उन्हाळ्याची सुट्टी. त्यामुळे मामांची मान खाली ठेवणं हे काम माझ्या मानेवर आलं. नवारीच्या बाजेच्या दोन पट्ट्या सोडून तोंडापुरती खिडकी केली. मामा वर पालथे, तोंड खिडकीत, आणि खाली फरशीवर सतरंजी टाकून मी. दहा दिवस त्यांना या जगात फक्त एकच गोष्ट दिसणार होती: मी.

"जावईबापू," पहिल्या पाच मिनिटांतच वरून आवाज आला, "मधोमध टक्कल पडून राहिलंय तुमचं."

पहिल्या दिवशी मामांनी अकरा वेळा मान वर केली. रस्त्यावर म्हैस ओरडली, मान वर! ("पोट फुगलंय तिचं. मालक कोन हाय, बोलवा.") कूलरनं खर्रर्र केलं, मान वर! शेजारचे सलीमभाई बघायला आले, त्यांना नमस्कार करायला मान वर! सलीमभाई जुन्या नांदेडात रफूचं काम करतात. फाटलेली शेरवानी अशी जोडतात की मालकालाही भोक सापडत नाही. ते बिचारे घाबरून खाली वाकले आणि बाजेखाली तोंड घालून म्हणाले, "मामा, सलाम इथूनच घ्या जी. वर नका बघू!"

संध्याकाळी सुलभा घरी आली. अकरा आकडा ऐकून तिचे डोळे भरले.

"अहो, असं केलं तर डोळा जाईल त्यांचा. काहीतरी करा ना. काहीतरी वाचून दाखवा."

मी तोंड उघडायच्या आत बाजेतून आवाज आला, "जावईबापूंचं ते इंग्रजी पुस्तक वाचा की! पोरगी बघायला आले तवा हातात होतं, ते."

खरं सांगतो, अठरा वर्षांपूर्वी मुलगी बघायला जाताना मी एक जाड इंग्रजी कादंबरी हातात धरली होती. स्टेशनरोडच्या फुटपाथवर घेतलेली, कव्हर फाटलेली. नुसतं वजन पडावं म्हणून. "मला इंग्रजी कादंबऱ्यांची फार आवड," असंही बोललो होतो. स्थळ पसंत पडलं. पुस्तक शोकेसमध्ये गेलं. मी ते कधी उघडलंच नव्हतं. मामा मात्र अठरा वर्षं अख्ख्या अहमदपुरात सांगत होते, "आमचे जावई इंग्रजीतच वाचतात. मराठी त्यांना पुरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धूळ झटकून बाजेखाली बसलो. इंग्रजी वाचायचं, मनात मराठी करायचं आणि मोठ्यानं सांगायचं. पहिल्याच ओळीत अडलो. कादंबरी एका 'युनिकॉर्न'ची होती. युनि म्हणजे एक, हे गणितामुळे ठाऊक होतं. कॉर्न म्हणजे मका. एक मका? पण मका रानात एकटा राहतो, असं कोण लिहील? पुढच्या ओळीत लिहिलं होतं, कपाळावर एकच शिंग. एक शिंग! मला हायसं वाटलं.

"मामा, ही एका गेंड्याची गोष्ट हाय," मी जाहीर केलं.

"गेंडा?" मामांचा आवाज एकदम बदलला. "आपल्या दवाखान्यात कधीच आला न्हाई. वाचा, वाचा!"

गोष्ट सुरू झाली. एका घनदाट रानात एक पांढरा गेंडा एकटाच राहत असतो. रानातला झरा एक दिवस आटतो. पाखरं उडून जातात, हरणं निघून जातात. मग गेंडा ठरवतो, पाणी कुठं अडलं ते शोधून काढायचं. आणि तो निघतो.

"टँकर लावायचा की," मामा म्हणाले. पण मान? जागच्या जागी!

दोन तास मान हलली नाही. मी इतका खूश झालो की तिसऱ्या दिवशी चहाच्या आधीच बाजेखाली शिरलो. आता अडचणी सुरू झाल्या. गेंड्याची रुपेरी आयाळ वाऱ्यावर उडू लागली.

"गेंड्याला आयाळ?" वरून प्रश्न.

"इंग्रजी गेंडा हाय, मामा. थंडीचा मुलूख. केस येतात."

"हां. मेंढीसारखं. मग लोकर कापत असतील."

पुढच्या पानावर गेंडा गवतावरून असा पळाला की गवताचं पातंही वाकलं नाही. मामा म्हणाले, "खायला न्हाई बिचाऱ्याला. वजन उतरलंय."

सलीमभाईंना ही गोष्ट कुठून कळली, कोण जाणे. दुपारी दुकान बंद करून ते रोज येऊन बसू लागले. दारातूनच विचारायचे, "क्या जी, गेंडा कुठवर पोचला?" मग मामा त्यांना मागचं सगळं सांगायचे, आणि त्यात मी न वाचलेल्याही चार गोष्टी असायच्या. मामांच्या गोष्टीत गेंड्याच्या उजव्या पायाला मुरगळ होती. आपण हळद-चुना लावायला सांगितला, असंही ते म्हणाले!

पाचव्या दिवशी सेहेचाळिसावं पान आलं. त्या पानावर एक लोहार त्या जनावराकडे बघून म्हणतो, "एवढा देखणा घोडा मी जन्मात पाहिला नाही."

घोडा. हा शब्द मला पाचवीपासून येतो. मी मागची पानं चाळली. आयाळ, खूर, गवतावरची चाल! बाजेच्या खिडकीतून मामांचा डावा डोळा माझ्याकडे टक लावून बघत होता. (उजव्यावर झाकण होतं.) खरं सांगावं, तर अठरा वर्षांची इज्जत जाते. न सांगावं, तर लोहार पुढच्या ओळीत नाल ठोकायला बसतो. मी मधला मार्ग काढला.

"मामा, इथं एक जादूगार येतो, आणि... आणि गेंड्याचा घोडा होतो."

"काय?"

"घोडा होतो. पांढरा."

"न्हाई!" मामा गरजले. "कामून? गेंडा चांगला चालला होता! घोडे काय कमी पाहिले मी? आता गेंड्याला..." आणि बोलता बोलता मामा कोपरांवर उठले. मान वर! सरळ छताकडे!

"मामा, खाली!" मी ओरडून उठलो आणि बाजेच्या लाकडावर माझं टक्कल आदळलं. सलीमभाई दोन्ही हातांनी हवा दाबत ओरडले, "लेटो जी, लेटो! मास्तर, घोडा परत घ्या! पहिलं घोडा परत घ्या!"

"घेतला!" मी डोकं धरून किंचाळलो. "जादू उतरली! गेंडा हाय, मामा, गेंडाच हाय!"

मामांनी एक क्षण विचार केला आणि पुन्हा खिडकीत तोंड घातलं. "मग बरं हाय," ते म्हणाले. "वाचा."

संध्याकाळी सुलभाला हे सांगितलं, तर ती आधी रागावली, मग हसली, मग घाबरून तिनं दवाखान्यात फोन केला. एवढ्यानं काही होणार नाही, पण पुन्हा नको, असं तिकडून बजावलं. त्यानंतर मी धोका पत्करला नाही. सकाळी मामांचं नाश्तापाणी झालं की मी स्वयंपाकघरात डिक्शनरी घेऊन बसायचो. वीस पानं आधी स्वतः समजून घ्यायचो आणि त्यातला घोडा काढून गेंडा बसवायचो. खोगीर आलं की "पाठीवर गोणपाट टाकलं." तबेला आला की "गोठ्यात बांधलं." सलीमभाई माझी ही खटपट बघून म्हणाले, "मास्तर, हे रफूच हाय. भोक दिसलं न्हाई पाहिजे, बस."

गंमत अशी, की सातव्या-आठव्या दिवशी मामांसाठी आहे हे विसरून मी स्वतःसाठीच वाचायला लागलो. सुलभा पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मग? सापडलं का पाणी?" आणि मी चिडून म्हणायचो, "थांब ना जरा, लई भारी चाललंय." आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पुस्तक मी असं, कणकेचा हात लागलेल्या डिक्शनरीसकट वाचलं.

दहाव्या दिवशी सुलभानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सलीमभाईंनी दुकान उघडलंच नाही. शेवटचं प्रकरण होतं. डोंगरापलीकडच्या एका राजानं सगळं पाणी कातळामागे अडवून ठेवलेलं असतं. गेंडा थकलेला, एकटा. तो कातळाला शिंग लावतो. शिंग मोडतं. आणि मोडल्या जागेतून पाण्याची एक बारीक धार सुटते. मग दुसरी. मग अख्खी नदी. पाणी डोंगर उतरतं, रानात येतं, आणि परत आलेली हरणं काठावर उभी राहून पाणी पितात.

मी थांबलो. टप्प करून पुस्तकावर थेंब पडला. वर पाहिलं. मामांचा डावा डोळा गळत होता.

"दुष्काळात चारा छावणीत ड्यूटी होती माझी," मामा हळू आवाजात म्हणाले. "टँकर यायचा न्हाई. जनावरं हौदाच्या काठाला मान टाकून उभी ऱ्हायची. तहानलेल्या जनावराला पट्टी कुठं बांधायची, सांगा? मी कुनाच्याच कामाला येत नव्हतो." मग जरा वेळानं, "बरं झालं. ह्यानं पाणी आणलं."

सुलभानं बाजेखाली हात घालून पदरानं त्यांचा गाल पुसला. सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले. मी पुस्तक मिटलं. त्या न पाहिलेल्या लेखकाचे, त्या बुडबुड्याचे आणि फुटपाथवर पुस्तकं मांडणाऱ्याचे मी मनातल्या मनात पाय धरले.

दुसऱ्या दिवशी तपासणी. डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारून खूप वेळ बघितलं. सुलभानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"पडदा मस्त बसलाय," बाई म्हणाल्या. "नजर हळूहळू येईल. आजोबा, तुम्ही इतकं शांत पडून कसे राहिलात? माझे पेशंट तिसऱ्या दिवशी मान वर करतात!"

"जावईबापूंनी इंग्रजी कादंबरी वाचून दाखवली," मामा अभिमानानं म्हणाले. "गेंडा पाणी शोधायला जातो, ती."

"शिंगानं कातळ फोडतो ती? अहो, माझं लहानपणीचं आवडतं पुस्तक! पण त्यात तर..."

मी मामांच्या मागे उभा होतो. मी हात जोडले. डोळे मिटले. कपाळावर बोट धरून शिंग केलं, मग त्याच बोटानं नको-नको केलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं, आणि ओठ दाबले.

"त्यात तर," त्या म्हणाल्या, "फारच गुणी गेंडा आहे." देव त्यांचं भलं करो!

दीड महिन्यानं मामा पुन्हा तपासणीला नांदेडला आले. आता दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. घरी आल्याबरोबर त्यांनी शोकेसमधलं पुस्तक मागितलं. इंग्रजी येत नसलं तरी पानं उलटत, ओळींवरून बोट फिरवत राहिले. मधेच थांबले. एक पान जरा जाड लागत होतं. मी ते इतक्या वेळा तसंच उलटलं होतं. मामांनी जनावराच्या खुरातला काटा काढावा तशा नखानं कडा सोडवल्या. चिकटलेली दोन पानं होती. आत पानभर रंगीत चित्र: चांदण्यात उभा, पांढराशुभ्र, आयाळवाला, एकशिंगी घोडा.

मला वाटलं, संपलं. अठरा वर्षं संपली.

मामांनी चित्र जवळून पाहिलं. लांबून पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"चित्र चुकलंय," ते म्हणाले.

"अं?"

"छापनाऱ्याचा घोटाळा. तुम्ही दहा दिवस एवढा गेंडा वाचला, आणि ह्यांनी घोडा काढून ठेवला! न्हाई, असं चालत न्हाई. छापनाऱ्याला पत्र लिहा, जावईबापू. आत्ता लिहा. इंग्रजीत."

सुलभा हसू लपवायला आत पळाली. मी कागद घेतला. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही डोळ्यांनी, डोळ्यांत तेल घालून, माझ्या पेनाच्या टोकाकडे बघू लागले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "तुमचं चित्र चुकलं." लिहिलं. "तुम्ही काढला घोडा." लिहिलं. "पाहिजे होता गेंडा."

पेन थांबलं.

"कामून थांबलात?" मामांनी विचारलं.

काय सांगू! गेंड्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला कुठं माहीत होतं?