डोक्यात भरलेली हवा

रुग्णाबरोबर येणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. बसून दुसरं करणार काय! १९६०च्या आसपास बंगळूरच्या एका मनोरुग्णालयात एक्स-रेच्या खोलीबाहेर एक बाक होतं. माझी धाकटी बहीण शालू आत असायची, मी बाकावर.

तेव्हा मेंदूचा फोटो सरळ निघत नसे. रुग्णाला खुर्चीवर बांधायचं, कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचं आणि हवा भरायची. हवा डोक्यात चढली की मेंदूतल्या पोकळ्या एक्स-रेवर दिसत. पुढे कित्येक दिवस डोकं फुटायची पाळी!

*

शेजारी रामण्णा बसत, बंगळूरच्याच शिवाजीनगरचे टेलर. फोटोनंतर त्यांचा मुलगा ओकून ओकून अर्धा झाला. तरुण डॉक्टर ओली फिल्म नाचवत बाहेर आले. "फर्स्ट क्लास आलाय!"

"सरी, बरं झालं," रामण्णा म्हणाले. "आणि मुलगा?"

*

एकदा दारातच मोठ्या डॉक्टरांचं विद्यार्थ्यांना लेक्चर चाललं होतं. "स्किझोफ्रेनियात या पोकळ्या मोठ्या दिसतात."

"सर, निरोगी माणसाच्या केवढ्या असतात?"

"निरोगी माणूस हे कशाला सोसेल?"

सगळे हसले. विचारणारासुद्धा!

*

शालूचा फोटो बघायला तिच्या सासूबाई मुद्दाम आल्या. तरुण डॉक्टर म्हणाले, पोकळ्या किंचित मोठ्या वाटतात.

"म्हणजे माहेरचंच दुखणं! घेऊन जा तुमची मुलगी."

"नेतो," मी म्हटलं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. तीच फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "फोटो हललाय. काहीच सांगता येत नाही."

"बघा! म्हणजे नाटकंच करते!"

*

फोटो पुन्हा काढायचं ठरलं. मी नको म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"थोरला भाऊ."

"मग नवऱ्याला बोलवा."

नवरा आला, "करा" म्हणाला आणि ऑफिसला गेला.

त्या फोटोनंतर शालूला ताप चढला. ती घरी आलीच नाही. मोठे डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वेळचा फोटो मात्र अगदी स्वच्छ आहे."

*

त्या दुसऱ्या फोटोच्या सकाळी दार उघडंच होतं. शालूला खुर्चीला पट्ट्यांनी बांधत होते. तरुण डॉक्टर समजावत होते, "हलायचं नाही हं. मागच्या वेळी तू हललीस, म्हणून हे पुन्हा." मग नेहमीचा प्रश्न. "अजून आवाज ऐकू येतात?"

"येतात."

"काय म्हणतात?"

"हलू नको म्हणतात," शालू म्हणाली. "मागच्या वेळीही हेच म्हणत होते. मी हलले नव्हते, डॉक्टर."