आत्याचं अक्रोडांशी भांडण

आत्याने घास रुमालात थुंकला आणि डब्याचं झाकण इतक्या जोरात आपटलं, की कापड कापायच्या टेबलावरचे खडू घरंगळून खाली पडले.

“अक्रोड घातलेत हे आधी सांगता येत नाही?” ती ओरडली. “तोंड दिलंय ना देवाने?”

समोर इस्त्रीवाली उभी होती. जॉर्जियाच्या डोंगरांतून आलेली, रुंद खांद्यांची बाई. तिने सकाळी लवकर उठून वांग्याचे पातळ काप तळले होते, त्यांत अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळ्या केल्या होत्या आणि वर डाळिंबाचे दाणे पेरले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकेक वाढताना आत्याला तिने मुद्दाम दोन दिल्या होत्या. ती डबा उचलून आपल्या टेबलामागे गेली आणि आत्याने शिवलेल्या कोटांचा गठ्ठा इस्त्रीच्या रांगेत पार शेवटी ढकलला.

माझी आत्या देशोदेशीच्या माणसांनी भरलेल्या, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. धागा तुटला तरी मशीनचा उद्धार करायची. पण अक्रोडावरचा राग कारखान्यातला नव्हता, तो घरून आलेला होता.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, शाळेत गणित शिकवायचे. आपलीच मुलगी गणितात कच्ची निघाली हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला. झालं! रोज सकाळी उपाशीपोटी आत्यापुढे भिजवलेल्या अक्रोडांची वाटी यायची. समोर आजोबा, हातात लाकडी पट्टी. एक अक्रोड, एक पाढा. पाढा चुकला की वाटीत आणखी एक. ती कडू साल घशाला चिकटायची. एकदा तिला उलटी झाली, तर त्यांनी तोंड धुऊन यायला सांगितलं आणि वाटी पुन्हा भरली. माझे बाबा, तिचे धाकटे भाऊ, शेजारी बसून मुकाट्याने दूध प्यायचे.

पाहुणे आले की आजोबा हसत म्हणायचे, “हिला अक्रोड म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” पाहुणेही हसायचे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत आत्या नापास झाली तेव्हा ते तिच्याशी बोललेच नाहीत. आजीला म्हणाले, “उद्यापासून अक्रोड बंद. वाया कशाला घालवायचे?”

“त्यापेक्षा मारलं असतं तर परवडलं असतं,” असं आत्या म्हणते.

इस्त्रीवालीचा अबोला बराच लांबला. शेवटी तिलाच राहवलं नाही. एका दुपारी ती आत्याच्या मशीनपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तुझं भांडण माझ्या स्वयंपाकाशी आहे, का दुसऱ्या कोणाशी?”

आत्याने कात्री खाली ठेवली नाही. कात्री हातात धरूनच तिने सगळं सांगितलं. पट्टी, पाढे, उलटी, पाहुण्यांचं हसणं. तिला वाटलं होतं, बाई “अगं, वडीलच ते” म्हणणार. तसं सगळेच म्हणत आले होते. पण इस्त्रीवालीचा चेहरा तापलेल्या इस्त्रीसारखा झाला.

“म्हणजे त्या माणसाने तुझ्याबरोबर अक्रोडालाही बदनाम केलं!” ती म्हणाली. “आमच्याकडे पाहुण्याला पहिला मान अक्रोडाचा. आणि हा माणूस शिक्षा म्हणून देतो? माझी आजी असती ना, तिने तीच पट्टी हिसकावून घेतली असती.”

आपल्या वडिलांवर दुसरं कोणी चिडलेलं आत्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने ती वांग्याची गुंडाळी मागून घेतली आणि डोळे मिटून, शत्रूला चावावं तशी चावली. लसूण लागला, कोथिंबीर लागली, व्हिनेगरचा आंबटपणा लागला. कडू साल कुठे आली नाही.

“कसं आहे?”

“वांगं चांगलं आहे,” आत्या म्हणाली. अक्रोडाला ती इतक्यात दाद देणार नव्हती.

खरी फजिती झाली ती बटणांची काजं करणाऱ्या इराणी बाईमुळे. ही बाई अगदी हळू बोलणारी. तिने मुलीचं लग्न ठरल्याच्या आनंदात सगळ्यांसाठी पातेलंभर कोंबडी आणली. कुटलेले अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस यांत तासन् तास शिजवलेली. दिसायला चिखल. आत्याने “बघून तर भूकच मेली” असं तोंडावर सांगितलं. बाई नुसती हसली आणि भातावर एक पळी घातली.

आत्या पहिला घास घेऊन थांबली. मग तिने मान खाली घातली आणि ताट पुसून खाल्लं. आंबट, गोड, दाट. त्या रश्श्यात अक्रोड असा वेगळा उरलाच नव्हता, आणि तरी सगळी चव त्याचीच होती. बायकांना वाटलं, चला, आता ही निवळली. पण ती उठली ती धुमसतच.

“आता कशावर रागावलीस?” इस्त्रीवालीने विचारलं.

“इतकं चांगलं असतं हे! आणि मी अर्धं आयुष्य याच्या वासाने पळत राहिले. कोणामुळे? सांग ना, कोणामुळे?”

अक्रोड जसजसा आवडू लागला तसतसा आजोबांवरचा राग वाढत गेला, कमी झाला नाही. कारखान्यातले कटिंग मास्तर इटलीचे होते. त्यांनी दुधात भिजवलेला पाव, लसूण, चीज आणि अक्रोड वाटून केलेला पांढरा सॉस पास्त्यावर घालून आणला, तेव्हा मात्र आत्याने नाक मुरडलं. “मास्तर, हे आजाऱ्याचं जेवण झालं,” म्हणाली. मास्तर दुखावले. पण आत्या खुशीत होती. अक्रोडाचा एक पदार्थ तिला आवडला नव्हता, तो केवळ बेचव होता म्हणून. वडिलांची पट्टी आठवली म्हणून नाही.

मग तिने इराणी बाईच्या घरी जाऊन ती कोंबडी शिकून घेतली आणि एका रविवारी पातेलं घेऊन आमच्या घरी आली. आजोबा तेव्हा आमच्याकडेच राहायचे. ऐकायला कमी यायचं, पण जीभ शाबूत होती. आत्याने स्वतः त्यांना वाढलं. आजोबांनी बोटं चाटली.

“वा! काय घातलंयस यात?”

“अक्रोड.”

आजोबांचा चेहरा उजळला. ते माझ्या बाबांकडे वळून म्हणाले, “बघ! मी काय सांगत होतो? अक्रोडासारखी वस्तू नाही. शेवटी पटलं हिला!”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी समोरच बसले होते. तिने पळी पातेल्यात आपटली.

“अण्णा, तुम्ही मला अक्रोड दिले नाहीत. तुम्ही मला शिक्षा दिली. हे मला दुसऱ्यांनी खाऊ घातलं. परक्यांनी!”

“तुझ्या भल्यासाठीच होतं ते.”

“माझं भलं उलटीतून बाहेर पडत होतं, तेव्हा तुम्ही वाटी भरत होतात.”

आजोबा ताट पुढे सरकवत म्हणाले, “आणखी थोडा रस्सा वाढ.”

आत्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. आम्हा बाकीच्यांना आधी भरपूर वाढून झालं होतं. उरलेल्या रश्श्याचं पातेलं फडक्यात बांधून ती निघाली. बाबा तिच्यामागे जिन्यापर्यंत धावले. “ताई, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे ना.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली. “मी अक्रोड गिळत होते आणि तू मूग गिळून बसला होतास.”

त्यानंतर ती आमच्या घरी आली ती आजोबा गेले तेव्हाच. सगळं केलं तिने. माणसं आली-गेली, चहा, अंथरुणं. रडली नाही. एक नातेवाईक हळूच म्हणाला, “आता तरी मनातून काढून टाक.” आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा न पिताच उठला.

मी तिला पुढे कधीतरी विचारलं, राग गेला का? “का जावा?” ती म्हणाली. “मी काय त्याला फुकट पोसते? रविवारी त्याच्या जोरावर किलोभर अक्रोड फोडून होतात.”

ते खरंच होतं. रविवारी तिच्या घरी ती आणि इस्त्रीवाली मिळून वाटण करायच्या, मीठ जास्त का कमी यावर कडाडून भांडायच्या आणि भांडत भांडतच जेवायच्या. एकदा बाबा तिथे आले. बराच वेळ दारातच घुटमळले. आत्याने खलबत्ता त्यांच्या पुढ्यात सरकवला. बाबा बसले आणि कुटायला लागले.

थोड्या वेळाने आत्याने खलात बोट घालून पाहिलं.

“हे काय, खडी टाकायचीय का रस्त्यावर? बारीक कर. आणखी बारीक.”