मस्ट शे का शुड?

अक्काचा फोन आला तेव्हा मी दीपनगरला वीज केंद्राच्या ऑफिसात होते. "नाना गयात... दुपारनी झोपमाच. तू सावकाश ये," एवढंच ती म्हणाली. नाना म्हणजे माझे वडील, जळगावात जन्मभर इंग्रजी शिकवलेले. अक्का म्हणजे माझी आई, माहेर धुळ्याकडचं, अहिराणीत बोलणारी आणि इंग्रजीच्या वाटेला कधी न गेलेली. हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, जेवून आडवा झालेला माणूस तसाच गेला. त्या दिवशी हे समजण्याची ताकद नव्हती, पण आता वाटतं, किती सुखाने गेले!

नानांचं खरं भांडण एकाच शब्दाशी होतं, 'पाहिजे'. मराठी माणूस त्यात सल्लाही कोंबतो आणि हुकूमही, मग इंग्रजीत जिथे तिथे 'मस्ट' ठोकून देतो, ही त्यांची कायमची तक्रार. एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जात चक्क मुख्याध्यापकांनाच बजावलं होतं, 'यू मस्ट गिव्ह मी लीव्ह'. बहिणीचं लग्न होतं बिचाऱ्याच्या! नानांनी त्याला जळगावच्याच पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसवून समजावलं, "अरे, मस्ट म्हणजे कडी लावलेलं दार. शुड म्हणजे नुसतं लोटलेलं." आत वांगी भाजणारी अक्का तिथूनच ओरडली, "आनि 'जेवाले या' हाई काय शे, मस्ट का शुड?" नाना म्हणाले, "तुझं ते मस्ट. पण ते आग्रहाचं... त्याला कडी नसते, त्याला फक्त नाही म्हणता येत नाही." मला मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात एकही मस्ट लावलं नाही. याचा कधीकधी मला रागही यायचा, कारण ठरवायचं ओझं मग माझ्यावरच पडायचं.

दहाव्याला असोद्याहून नानांचे धाकटे चुलतभाऊ, आमचे भाऊकाका, आले. बैठकीत त्यांनी विषय काढला. "वहिनींनी आता पोरीकडे जायलाच पाहिजे. एकट्या बाईमाणसाने इथे राहायचं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं क्वार्टर अक्कासाठी कधीही उघडं होतं, पण ही गल्ली, ओट्यावर दुपारी जमणाऱ्या बायका, हे सोडून ती तिथे सुकून गेली असती. मी 'नको' म्हटलं असतं तर लेकीला आई जड झाली असं झालं असतं. आणि दिराचा शब्द अक्का मोडणार कशी?

अक्काने चहाचा कप खाली ठेवला. "भाऊ, हाई मस्ट शे का शुड?"

कोपऱ्यातून हसू फुटलं. भाऊकाकांची मॅट्रिकची इंग्रजी नानांनीच करून घेतली होती. त्यांनी कान खाजवला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता... शुड म्हणा, वहिनी."

"मंग मी ऐकी लिधं. पन मी आठेच ऱ्हासू."

ती इथेच राहणार होती. मी हसले आणि हसता हसता रडले. त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत गेला.

आता ओट्यावरच्या नानांच्या खुर्चीत अक्का बसते. पहिले काही दिवस ती खुर्ची पुसून बाजूला ठेवायची, मग एकदा तिथेच बसून शेंगा सोलायला लागली. मागच्या रविवारी मी गेले, तर भरीत केलेलं. दुसऱ्यांदा वाढायला आली तशी मी ताटावर हात आडवा धरला. "अक्का, पुरे... खरंच पुरे."

ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. "मस्ट शे," म्हणाली.

मी हात काढून घेतला.