काट्यावरचं पिल्लू

खुटबावहून ऊस घेऊन गेलं, की कारखान्याच्या वजनकाट्यावर काटा बघणारे हे मामा भेटतात. एरवी गाडीवाल्यांशी शब्द बोलणार नाहीत, पण केबिनमधल्या मांजराच्या पिल्लाबद्दल विचारावं. "वाढतं अंग हाय. थोडं थोडं, पण चारदा द्यायचं. पोट गोल दिसलं की बास, फुगू द्यायचं न्हाई."

परवा मी म्हणालो, "मामा, वाढलेलं दिसत नाही हो."

मामांनी पिल्लू थेट रिकाम्या काट्यावर नेऊन ठेवलं. मागचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत राहिले. आकडा शून्यावरून हलेना. मी हसलो.

"ह्यो काटा उसाचा हाय. आता तुम्ही सांगा," म्हणत त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

उसाचं गाळप सुरू झालं तेव्हा मुठीत मावणारं पिल्लू आता माझ्या दोन्ही हातांत मावेना.