दहाव्याला दिलेला शब्द

आण्णांना जाऊन आता काही महिने झाले. त्यांची आठवण काढायला बसलो की आधी त्या मालिकेतली बाई आठवते, आणि मला भीती वाटते.

आण्णा, माझे वडील, जामखेडला तहसील कचेरीत कारकून होते. चिडून आलेल्या कुणालाही पाण्याचा ग्लास पुढे करून ते सांगत, "अपील करता येतं." निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी एक मालिका बघू लागले. तीत एक तरुण अधिकारी बाई होती. ती फाइल वाचत नसे, कुणाचं ऐकून घेत नसे. बोट दाखवायची आणि जेसीबी यायचा. मागे ढोल वाजायचे. हळूहळू आण्णांचं बोलणं कमी झालं आणि जे उरलं ते तिचं होतं. मध्येच थांबणंही तिचंच. आईने जेवायला हाक मारली की ते मान सावकाश वळवत, अगदी तिच्यासारखी.

मग गावातली अतिक्रमणं हटवली. कचेरीसमोरच्या ज्या टपरीवरून आण्णांनी नोकरीभर चहा मागवला, तीही गेली. चहावाला घरी आला.

"आण्णा, येवढं अपील लिवून द्या. नोटीस न्हाई, काय न्हाई, पाडलीच की वो."

"नोटिसा देत बसलं तर देश कधी सुधारायचा?"

"आयला, आण्णा, तुमी बी त्या बाईवानी बोलाय लागले!" तो हसला. आण्णा हसले नाहीत. थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले.

सुतकात आईने टीव्हीवर चादर टाकली. पण ती वेळ झाली की आजूबाजूच्या घरांतून ढोल वाजू लागत आणि भिंतींतून आण्णांची वाक्यं ऐकू येत. त्यांचा स्वतःचा आवाज मला काही केल्या आठवेना.

दहाव्याला घाटावर पिंड मांडले. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येईनात. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरवायचा शब्द द्यायचा असतो. ती मला माहीत आहे असं वाटलं. हात जोडून म्हणालो, "आण्णा, चहावाल्याचं अपील मी लिहून देतो." एक कावळा खाली यावा, एवढंच हवं होतं, म्हणजे आधीचे आण्णा खरे ठरले असते. एकही हलला नाही.

धाकटे काका वैतागले. "अरे, त्यांना अपिलं कसली सांगतोस!" मग पिंडाकडे वळून म्हणाले, "दादा, तुमची मालिका रोज लावू, बरं का."

लोक हसले. हसू विरायच्या आत कावळा पिंडावर होता.

तेराव्यानंतर मीच चहावाल्याला बोलावलं. कावळ्याने घेतला नसला तरी शब्द मी दिला होता. मी लिहायला बसलो. काकांच्या शब्दाला जागून आईने टीव्ही लावला. चहावाला नकळत आण्णांच्या खुर्चीत टेकला. पडद्यावर बाईने बोट दाखवलं. कुणाचं तरी दुकान कोसळलं.

"बरोबर केलं," चहावाला पुटपुटला.

मी कागद पुढे केला.

"सही कुठं करू?" त्याने मान न वळवता विचारलं.